आधी भाकर, मग प्रश्न



कल्याणहून निघालेली लोकल विठ्ठलवाडी सोडते आणि पुढचे स्टेशन येते उल्हासनगर. तेथला पत्ता सांगताना आपण आजही 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असेच म्हणतो. हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की त्याचा अर्थ आपण विसरलो आहोत. दुसऱ्या महायुद्धात येथे सैनिकांच्या बराकी होत्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना त्यांत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. त्या माणसांनी शून्यातून व्यापार उभा केला, हे आपण कौतुकाने सांगतो. पण त्या बराकींत किती मुले रात्री दचकून उठत असतील, किती तरुण गप्प गप्प झाले असतील, याविषयी आपण क्वचितच बोलतो.

पवित्र शास्त्रात अशाच एका पळून आलेल्या माणसाची कथा आहे. राणी ईजबेलने जीव घेण्याची धमकी दिली तेव्हा एलिया संदेष्टा रानात पळाला. एका झुडपाखाली बसून त्याने देवाजवळ मरण मागितले (१ राजे, अध्याय १९). एवढा मोठा संदेष्टा, पण त्याचे मन खचले. देवाने त्याला 'तुझी श्रद्धा कमी पडली' असे म्हटले नाही. त्याला झोपू दिले. देवदूताने त्याला हलकेच स्पर्श करून उठवले, पुढे भाकर आणि पाणी ठेवले. आणि पुन्हा झोपू दिले. 'तू येथे काय करीत आहेस?' हा प्रश्न देवाने पुष्कळ नंतर, होरेब डोंगरावर विचारला, आणि एलियाचे गाऱ्हाणे पूर्ण ऐकून घेतले. शेवटी अलिशाच्या रूपाने त्याला सोबतीही दिला. विसावा, भाकर, ऐकणारा कान आणि सोबत, या क्रमाने देवाने एका खचलेल्या मनाला सावरले.

आपल्या महाराष्ट्रात असे घडलेले आहे. सैबेरिया आणि कझाकस्तानातील हालअपेष्टांतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती, आणि ती बहुतांशी कॅथॉलिक होती. तेथे त्यांना छप्पर आणि अन्न तर मिळालेच, शिवाय शाळा होती, स्काउट पथके होती, नाटके होती, आणि स्वतःच्या भाषेत प्रार्थना करायला चर्च होते. उद्ध्वस्त झालेल्या मुलांच्या दिवसाला पुन्हा सकाळ, दुपार आणि संध्याकाळ मिळाली. १९४८ च्या सुमारास छावणी रिकामी झाली, पण त्या मुलांनी म्हातारपणापर्यंत कोल्हापूरची आठवण जपली. वॉर्सा शहरात आज त्या छावणीचे स्मारक उभे आहे.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. २०२४ अखेर जगात १२ कोटींहून अधिक माणसे बळजबरीने विस्थापित झालेली होती. त्यांत सुमारे ४० टक्के मुले होती. अफगाणिस्तान आणि म्यानमारमधून आलेले तरुण दिल्लीत कागदाची वाट पाहत राहतात. आश्रय मिळेल की परत जावे लागेल, हे ठाऊक नसणे हाच मनाला मोठा जाच असतो. मे २०२३ पासून मणिपूरमध्ये हजारो कुटुंबे आपल्याच राज्यात बेघर झाली. त्यांतला एखादा मुलगा शिक्षणासाठी वा नोकरीसाठी उद्या आपल्या शेजारच्या चाळीत राहायला येईल, रविवारी मागच्या बाकावर येऊन बसेल. तेव्हा आपण काय करू?

आपण बहुधा आधी प्रश्न विचारतो. 'तिकडे काय काय झाले? घर खरेच जाळले का?' जखम उघडून दाखवायला लावणे ही सेवा नव्हे. तो सांगेल तेव्हा ऐकावे. तोवर त्याला जेवायला बोलवावे, गायकवृंदात किंवा फुटबॉलच्या संघात घ्यावे. तो नुसताच गप्प बसला तरी त्याच्या शेजारी बसावे.

आपली आणखी एक चूक कबूल करू. मन आजारी पडलेल्या माणसाला आपण 'ठाण्याला पाठवा' म्हणून हसतो. नाहीतर 'जास्त प्रार्थना कर' असे सांगून मोकळे होतो. प्रार्थना हवीच, पण ताप आला की आपण डॉक्टरकडेही जातो ना? कित्येक आठवडे झोप लागत नसेल, अन्न जात नसेल, चिडचिड आवरत नसेल, तर डॉक्टरांचा सल्ला घेण्यात अविश्वास नाही. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते. तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आपल्या घरातल्या मुलांसाठीही लिहून ठेवू या.

बाळ येशूला घेऊन संत योसेफ आणि पवित्र मरिया रातोरात इजिप्तला निघाले, तेव्हा त्यांनाही कोणीतरी दार उघडले असेल. त्या माणसाचे नाव शुभवर्तमानात नाही. आपलेही नाव कोठे नोंदले जाणार नाही. तरी दार उघडू या.

हे प्रभो, परक्या गावात जागणाऱ्या प्रत्येक मुलाला शांत झोप दे. आणि त्याच्या उशाशी भाकर ठेवण्याचे काम आम्हांला दे. आमेन.