‘आम्हांला ठाऊक नव्हते’



पश्चिम ऑस्ट्रेलियात पिलबारा नावाचा तांबड्या मातीचा, उन्हाने होरपळणारा प्रदेश आहे. तेथे विटनूम नावाचे गाव होते. ‘होते’ म्हणायचे, कारण २००७ साली सरकारने त्या गावाचे नाव अधिकृत नोंदीतूनच काढून टाकले. वीज त्याआधीच, २००६ साली तोडली होती. तरीही काही जण तेथे राहिले. शेवटच्या रहिवासी बाईंना २०२२ साली बाहेर काढण्यात आले.

हे गाव १९४७ साली वसवले गेले ते निळ्या अ‍ॅसबेस्टॉसच्या खाणीसाठी. अ‍ॅसबेस्टॉस म्हणजे न जळणारा दगडी धागा. आपल्याकडे गोठ्यावर, पडवीवर जे सिमेंटचे पत्रे घालतात त्यांत त्याचीच पांढरी जात असते. निळी जात त्याहून घातक. तिचे सुईसारखे बारीक तंतू श्वासाबरोबर आत जातात, तेथेच रुततात, आणि वीस-तीस, कधी चाळीसहून अधिक वर्षांनी फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होतो. पगार हातात पडतो आठवड्याला, आजार येतो नातवंडे खेळवायच्या वयात. एवढ्या अंतरामुळे पुष्कळांना कारण आणि परिणाम यांची गाठ घालणे नकोसे वाटते.

खाणीत महायुद्धानंतर युरोपातून आलेले गरीब लोक कामाला होते, त्यांत इटलीचे पुष्कळ. धागा काढून घेतल्यावर उरलेला भुगा गावात फुकट मिळे. तांबडी धूळ उडू नये म्हणून तो रस्त्यांवर, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, विमानाच्या धावपट्टीवर, घरांच्या अंगणात पसरला गेला. शाळेच्या मैदानावरही. मुले त्यात खेळली. विटनूममध्ये सुमारे २०,००० माणसे कधी ना कधी राहून गेली; त्यांपैकी २,००० हून अधिक या धुळीने झालेल्या आजारांनी मरण पावली आहेत.

आता आपला प्रश्न. कोणाला काय ठाऊक होते?

१९४८ साली, म्हणजे गाव जेमतेम वर्षाचे असताना, एरिक सेंट या सरकारी डॉक्टरांनी आरोग्य खात्याच्या प्रमुखांना लेखी कळवले की इथली धूळ भयंकर आहे आणि या खाणीतून फुप्फुसाच्या रोग्यांचे अमाप पीक निघेल. धूळ मर्यादेबाहेर असल्याच्या नोंदी खाण निरीक्षकांनीही केल्या. पुढे डॉ. मॅकनल्टी यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. खाण चालूच राहिली. १९६६ साली ती बंद झाली ती माणसे मरतील म्हणून नव्हे, तर ती तोट्यात होती म्हणून. (खाण चालवणारी कंपनी एका मोठ्या साखर कंपनीची उपकंपनी होती. साखर विकणाऱ्यांचा माल गोडच असेल असे नाही.) १९८८ साली व्हिक्टोरिया राज्याच्या न्यायालयात ज्यूरीने एका आजारी कामगाराला नुसती नव्हे, तर दंडादाखल जादा भरपाई दिली. कंपनीने धोका जाणूनबुजून दुर्लक्षिला, असे ज्यूरीचे मत पडले.

अज्ञानाचा विचार संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात बारकाईने केला आहे. एखादी गोष्ट आपल्याला कळणे शक्यच नव्हते, तर ते अज्ञान आपल्याला दोषमुक्त करते. कळू शकली असती, पण आळसाने विचारली नाही, तर दोष उरतो. आणि तिसरा प्रकार आहे मुद्दाम पत्करलेल्या अज्ञानाचा: कळले तर काम थांबवावे लागेल, म्हणून कळूनच घ्यायचे नाही. हे अज्ञान दोष कमी करीत नाही, कारण ते स्वतःच इच्छेचे कृत्य आहे.

विटनूमच्या मजुराचे अज्ञान पहिल्या प्रकारचे. त्याला कोणी सांगितलेच नाही, आणि परक्या भाषेत विचारणार तरी कोणाला? त्याच्या पत्नीचे, ती त्याचे धुळीने माखलेले कपडे धूत होती तिचेही तसेच. पण ज्याच्या टेबलावर डॉक्टरांचे पत्र येऊन पडले त्याला ही सवलत कशी द्यावी? पत्र वाचून बाजूला ठेवणाऱ्यापेक्षा न वाचताच ठेवणारा अधिक निर्दोष, असे आपण म्हणणार काय? आमच्या मते अजिबात नाही. मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. पत्र न उघडणे त्यातच मोडते.

अखेरपर्यंत राहिलेल्या त्या बाईंचे मात्र वेगळे. त्यांना सगळे ठाऊक होते आणि तरी घर सोडवत नव्हते. त्यांना अज्ञानी म्हणणे अन्यायाचे होईल.

आपल्या पत्र्यांचे काय? ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस अ‍ॅसबेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. आपल्या देशात तो आजही बाहेरून येतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच अ‍ॅसबेस्टॉस कामगारांचे आरोग्य हा त्यांच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पत्रा नुसता छपरावर असतो तेव्हा त्याची फारशी धूळ होत नाही. तो करवतीने कापताना, भोके पाडताना, फोडून टाकताना होते. तेव्हा जुनी पडवी पाडायला जो मजूर येतो त्याला हे कोण सांगणार? त्याच्याकडे डॉक्टरांचे पत्र येणार नाही. आता ते आपल्याकडे आलेले आहे.

विटनूमच्या घळईत अजून सुमारे ३० लाख टन भुगा उघड्यावर पडलेला आहे. पावसाळ्यात ओढे त्यातला काही खाली वाहून नेतात. ती भूमी बंजिमा या मूळ रहिवाशांची. त्यांच्यातल्याही अनेकांना ही धूळ भोवली. खाण उघडताना त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि गाव बंद झाल्यावरही तो ढीग त्यांच्याच वाट्याला आला आहे.