अर्थ कळला, मग पाळायचं कशाला?

आजचं वाचन : उत्पत्ती १२:१-४

देव अब्रामाला तीन गोष्टी सोडायला सांगतो. देश, नातलग आणि बापाचं घर. जायचं कुठे ते मात्र सांगत नाही, ते पुढे दाखवलं जाणार. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघालेल्या मुलामुलींना निरोप देताना आपल्याकडे हमखास हेच वाचतात, त्यामुळे हा भाग आपल्याला पाठच झालाय.

आज तो फिलोसोबत वाचूया. फिलो हा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरातला यहुदी विचारवंत. प्रभू येशू गालीलात फिरत होता, त्याच काळात हा माणूस तिकडे ग्रीक भाषेत मोशेच्या पुस्तकांवर लिहीत बसला होता. अब्रामाच्या या प्रवासावर त्याचं एक अख्खं पुस्तक आहे. त्यात तो म्हणतो, देश म्हणजे शरीर, नातलग म्हणजे इंद्रियं आणि बापाचं घर म्हणजे वाणी, कारण मन हा बाप आणि तो बोलण्यात राहतो. देव अब्रामाला नकाशावरची जागा बदलायला सांगत नाहीये. या तिन्हींच्या मालकीतून बाहेर पड, असं तो आत्म्याला सांगतोय.

भारी आहे ना? पहिल्यांदा वाचलं की वाटतं, अरे, खरा अर्थ तर हा होता! आपण उगाच ऊर आणि हारान नकाशावर शोधत बसलो.

ही वाचायची पद्धत त्या शहरात मुरलेली होती. ग्रीक पंडित होमरच्या देवांच्या भांडणांत गूढ अर्थ शोधायचे. यहुद्यांनीही ती रीत फिलोच्या आधीच उचलली होती. रवंथ करणारं, खूर दुभंगलेलं जनावरच का खायचं? तर रवंथ म्हणजे देवाच्या गोष्टी पुन्हा पुन्हा आठवणं आणि दुभंगलेला खूर म्हणजे बरंवाईट वेगळं करणं. शेजारपाजारचे ग्रीक लोक त्यांच्या नियमांची चेष्टा करत, त्यांना द्यायला हे चांगलं उत्तर होतं.

पण मग काही जण एक पाऊल पुढे गेले. अर्थ हातात आलाय, आता नियमाची काय गरज? शब्बाथ म्हणजे देवच खरा कर्ता आहे हे ओळखणं. ते मी ओळखलंय, मग शनिवारी दुकान उघडलं तर काय बिघडलं? सुंता म्हणजे वासना आणि अहंकार छाटणं. तो मी मनात छाटतोय, मग शरीराला कशाला हात लावायचा?

आणि इथे फिलो चिडतो. गंमत अशी की या लोकांचे अर्थ त्याला मान्य आहेत, ते त्याचेच अर्थ आहेत! तरी अब्रामावरच्या याच पुस्तकात तो त्यांना झापतो. तुम्ही असे जगताय की जणू रानात एकटेच आहात, तुम्हाला ना गाव, ना घर, ना शरीर, असा त्याचा रोख आहे. नियमाचं अक्षर हे शरीर आणि अर्थ हा आत्मा. आत्मा शरीरात राहतो म्हणून शरीराचीही काळजी घ्यावी लागते. पाळत राहिलं तर अर्थ जास्त स्वच्छ कळतो आणि वर लोकांचे बोलही बसत नाहीत, असंही तो सांगतो. (हे दुसरं कारण मला जरा कमजोर वाटतं. ‘लोक काय म्हणतील’ तिकडेही होतंच म्हणायचं.)

पण शब्बाथाला काय करू नये याची जी यादी तो देतो, ती नीट बघा. चूल पेटवू नये, नांगर धरू नये, ओझी वाहू नयेत. कोणावर फिर्याद करू नये, दिलेलं कर्ज वसूल करू नये. या यादीत सावकारासमोर एक कर्जदारही उभा आहे. दुसऱ्या एका पुस्तकात फिलो सांगतो की त्या दिवसाची सुट्टी दासांना आहे, जनावरांना आहे, झाडांनासुद्धा आहे, त्या दिवशी फांदी तोडायची नाही की फळ काढायचं नाही. आता सावकार म्हणाला, ‘मी मनातून शब्बाथ पाळतो’, तर कर्जदाराला काय मिळालं? त्याच्या दारावर शनिवारीही थाप पडणारच. अर्थ सावकाराच्या डोक्यात राहतो. कर्जदारापर्यंत फक्त नियम पोचतो.

म्हणून मला वाटतं फिलोचं ‘रानात एकटे’ हे म्हणणं बरोबर जागी लागतं. ‘भाव महत्त्वाचा, बाकी सगळं बाहेरचं’ हे वाक्य आपल्या पिढीला फार आवडतं, मलाही आवडतं. पण ज्याच्यावर कोणीच अवलंबून नाही, त्यालाच ते पूर्णपणे परवडतं. रविवारी आपण मनाने उपासनेत असतो, आणि कामवाल्या मावशींची सुट्टी? ती कोणाच्या मनात असते?

आता तुम्ही विचाराल, मग आपण ख्रिस्ती लोक सुंता पाळत नाही, त्याचं काय? आपणही फिलोच्या शिव्या खाणाऱ्यांतलेच का? प्रश्न रास्त आहे. पौल हा फिलोचाच समकालीन, आणि गलतीकरांच्या पत्रात तोही हागार आणि सारा यांना दोन करार ठरवून रूपकच उलगडतो. पण सुंता लादू नका असं सांगताना त्याचं कारण ‘आतला अर्थ आम्हाला कळला’ हे नाही. त्याचा वाद या गोष्टीचा आहे की ख्रिस्तामुळे अन्यजातींसाठी दार उघडलंय, आता नवीन अट घालून ते बंद करू नका. त्यातही समोर दुसरा माणूस उभा आहेच. आणि हाच पौल करिंथकरांना प्रभुभोजनावरून सुनावतो, कारण तिथे काही जण खाऊनपिऊन तृप्त होत होते आणि गरीब भाऊबहिणी उपाशी राहत होत्या.

फिलोच्या घरातही हा प्रश्न पेटलेला होता. त्याचा भाऊ अलेक्झांडर इतका श्रीमंत की यरुशलेमच्या मंदिराच्या दारांना त्याने सोन्यारुप्याचा पत्रा चढवला. या भावाचा मुलगा तिबेरियस ज्युलियस अलेक्झांडर. इतिहासकार योसेफस लिहितो की त्याने पूर्वजांच्या रीती सोडल्या. का सोडल्या ते तो सांगत नाही, त्यामुळे रूपकांवर खापर फोडायला नको. फिलोने त्याच्याशी झालेले वाद संवादांच्या रूपात लिहून ठेवलेत. पुढे तो पुतण्या रोमचा मोठा अधिकारी झाला. इ.स. ७० मध्ये यरुशलेमला वेढा पडला तेव्हा तो रोमन सेनापती तीतच्या हाताखाली दुसऱ्या क्रमांकावर होता. ते मंदिर जळलं. बापाने मढवलेली दारं तिथेच होती.

याच्या अगदी उलटी गोष्ट आपल्या कोकणात सापडते. अलिबागच्या आसपासच्या गावांतले बेने इस्राएल. शेकडो वर्षं त्यांच्याकडे ना मोशेची पुस्तकं होती, ना टीकाकार, ना फिलो. आठव्या दिवशी मुलाची सुंता, खाण्याचे काही नियम, शमा प्रार्थनेचे सुरुवातीचे शब्द आणि शनिवार, एवढंच त्यांनी धरून ठेवलं. धंदा तेल गाळायचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागलं. शनिवारचा अर्थ त्यांना कितपत सांगता आला असता कोण जाणे, पण घाण्याच्या बैलाला सुट्टी मिळत होती.

उद्याचं वाचन : उत्पत्ती १२:१०-२०. दुष्काळ पडतो आणि अब्राम फिलोच्याच देशात, मिसरात उतरतो. तिथे तो साराबद्दल जे बोलतो त्याला कुठलंही रूपक वाचवू शकत नाही असं माझं मत आहे. आधी वाचून या, मग बोलू.