सापडलेल्या नाण्याची वरची किंमत कोणाची?



एखादी वस्तू आपण ठरलेली किंमत देऊन घेतली आणि घरी आल्यावर ती कितीतरी पट मोलाची निघाली, तर ती वरची किंमत कोणाची? घेणाऱ्याची, की देणाऱ्याची? प्रश्न साधा वाटतो, पण तो ‘चोरी करू नकोस’ या सातव्या आज्ञेच्या अगदी उंबरठ्यावर उभा आहे. आज एका लहानशा छंदाच्या निमित्ताने आपण तो तपासून पाहू या.

कॅनडात एक सेंटचे नाणे चालत असे. ते बनवायला १.६ सेंट खर्च येऊ लागला, म्हणून ४ मे २०१२ रोजी विनिपेगच्या टांकसाळीत शेवटचे नाणे पाडले गेले आणि ४ फेब्रुवारी २०१३ पासून त्याचे वाटप थांबले. त्याआधी कित्येक वर्षे तिथल्या नाणेप्रेमींचा एक नेम असे. बँकेत अर्धा डॉलर द्यायचा, पन्नास सेंटचा कागदात गुंडाळलेला रोल घ्यायचा, घरी तो सोडायचा आणि भिंगाखाली एकेक नाणे उलटसुलट करून पाहायचे. वेगळे काही दिसले तर बाजूला ठेवायचे. उरलेली नाणी पुन्हा गुंडाळून बँकेत भरायची. आता असे रोल बँकेतून मिळत नाहीत. पण सेंट आजही कायदेशीर चलन आहे आणि लोकांच्या घरी बरण्यांत, डब्यांत ही नाणी साठून आहेत. शोधणाऱ्यांचा मोर्चा आता तिकडे वळला आहे.

ते शोधतात तरी काय? अगदी बारीक फरक. १९५३ साली राणी एलिझाबेथच्या नव्या चित्राचे नाणे निघाले. तिच्या खांद्यावरची वस्त्राची घडी नाण्यावर नीट उमटेना, म्हणून त्याच वर्षी ठसा सुधारण्यात आला. तरीही १९५५ ची काही नाणी घडी नसलेल्या जुन्या ठशाची निघाली. ती आज दुर्मिळ आहेत. १९६५ च्या नाण्यात कडेचे मणी कधी लहान, कधी मोठे. ‘५’ या आकड्याचे टोक कधी बोथट, कधी अणकुचीदार. मोठे मणी आणि अणकुचीदार ५ असा मेळ क्वचितच सापडतो.

एका नाण्याचा तर आपल्या देशाशी संबंध आहे. सहाव्या जॉर्ज राजाच्या नाण्यांवर ‘हिंदुस्थानचा सम्राट’ ही पदवी लॅटिनमध्ये कोरलेली असे. १९४७ साली भारत स्वतंत्र झाला आणि ती पदवी काढणे भाग पडले. नवे ठसे वेळेवर पोहोचले नाहीत. म्हणून १९४८ मध्ये टांकसाळीने १९४७ सालचीच नाणी पाडली आणि खूण म्हणून सालाशेजारी मेपलचे एक इवलेसे पान कोरले. हे नाणे फार दुर्मिळ नव्हे. पण आपल्या स्वातंत्र्याची खूण हजारो मैलांवरच्या एका सेंटवर उमटली, हे वाचून कोणालाही बरे वाटेल.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एक सेंट देऊन घेतलेले नाणे पुढे बऱ्याच डॉलरना विकले, तर बँकेला फसवले असे होते का?

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ या महाग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक पूर्ण प्रश्न घातला आहे. तिथे ते फार कडक बोलतात. विकणारा सोने विकतो आहे, पण त्याला ते हलका धातू वाटते. घेणाऱ्याला मात्र खरे काय ते ठाऊक आहे. अशा वेळी गप्प राहून घेणारा अन्याय करतो आणि त्याने भरपाई केली पाहिजे, असे ते सांगतात. म्हणजे ‘त्यानेच किंमत सांगितली, मी दिली’ एवढे म्हणून सुटका होत नाही. हे वाचल्यावर आपला नाणेप्रेमी दोषीच ठरतो असे वाटेल.

आम्हांला तसे वाटत नाही. कारण बँकेची इथे कसलीही चूक होत नाही. ती तांबे विकत नाही, पुराणवस्तूही विकत नाही. ती चलन देते, आणि एका सेंटची चलन म्हणून किंमत एक सेंटच असते. रोलमध्ये कधीकधी वेगळी नाणी येतात, हे तिलाही ठाऊक असते. ती शोधत बसणे तिला परवडत नाही, म्हणून तिने तो हक्क आपणहून सोडलेला असतो. शिवाय नाणेप्रेमीलाही रोल घेताना आत काय आहे हे माहीत नसते. वरची किंमत येते ती त्याच्या डोळ्यांतून, अभ्यासातून आणि शेकडो रिकाम्या रोलवर घालवलेल्या वेळातून. ते श्रमाचे फळ आहे. मत्तयच्या शुभवर्तमानातील शेतात लपवलेल्या ठेवीचा दाखला आठवा. तो माणूस ठेव उचलून पळाला नाही. आपले सर्वस्व विकून त्याने आधी ते शेत विकत घेतले.

पण हाच माणूस बँकेतून बाहेर पडून एखाद्या विधवेच्या दारी गेला तर? तिच्या पतीने जमवलेली नाण्यांची बरणी ती पुढे करते आणि विचारते, ‘बाबा, याचे काय येतील?’ बरणीत घडी नसलेले १९५५ चे नाणे त्याला दिसते. तो म्हणतो, ‘जेवढी नाणी, तेवढे सेंट.’ नाणे तेच, भिंग तेच, ज्ञानही तेच. तरी इथे संत थॉमस यांचा निवाडा पूर्णपणे लागू पडतो. ती चलन मोडून घेत नाही; ती विश्वासाने किंमत विचारते आहे आणि तिला खरे ठाऊक नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीचा ग्रंथही परिच्छेद २४०९ मध्ये दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन किंमत फुगवणे सातव्या आज्ञेविरुद्ध मानतो. किंमत पाडणारा त्याच पापाच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो.

तेव्हा फरक नाण्यात नाही, समोर कोण आहे यात आहे. आमच्या मते कसोटी एकच: मला जे ठाऊक आहे ते समोरच्याला आत्ता कळले, तर आपण फसवले गेलो असे त्याला वाटेल का? बँकेच्या कॅशियरला नाणे दाखवले तर बहुधा तो हसून अभिनंदन करील. त्या विधवेला दाखवण्याची हिंमत होणार नाही. जे दाखवता येत नाही, ते घेऊ नये.

याच कसोटीने आणखी काही गोष्टी स्पष्ट होतात. रोलमध्ये चुकून एक नाणे जास्त आले तर ते परत करावे. ती मोजणीतली चूक आहे, आपले श्रमफळ नव्हे. परत भरताना रोलमध्ये पन्नासच्या पन्नास असावीत. आणि एकाच काउंटरवर रोज डबे रिते करून कर्मचाऱ्याचा वेळ खाणे कायद्यात बसले तरी शेजारधर्मात बसत नाही.

सेंटची गोष्ट लांबची आहे, पण हा प्रश्न आपल्या दारातला आहे. गावाजवळून रस्ता जाणार हे ज्याला आधी कळते, तो शेजाऱ्याची वाडी जुन्या भावाने मागतो. मुलीच्या लग्नासाठी अडलेली बाई आजीचा दागिना घेऊन येते आणि पारखणारा त्याची घडणावळ शून्य धरतो. कागदावर सह्या होतात, पैसे मोजून दिले जातात, कोणी पोलिसांत जात नाही. तरी रविवारी त्याच बाकावर शेजारी बसून शांतीची खूण देताना हात जड होतो. ज्ञान ही देवाची देणगी आहे. तिने श्रम करून कमवावे. तिने दुसऱ्याच्या अज्ञानाची शिकार करू नये.

लूकच्या शुभवर्तमानातही एक नाणे शोधणारी स्त्री आहे. दहांपैकी एक हरवले, म्हणून ती दिवा लावते, घर झाडते आणि सापडेपर्यंत थांबत नाही. पण ते नाणे काही वेगळ्या ठशाचे नव्हते. उरलेल्या नऊंइतकेच त्याचे मोल होते. ती शोधत राहिली ते केवळ हरवले होते म्हणून. नाणेप्रेमी पन्नासांतले एक ठेवतो आणि एकोणपन्नास परत करतो. नाण्यांच्या बाबतीत ते योग्यच आहे. माणसांच्या बाबतीत मात्र परमेश्वर त्या स्त्रीसारखा शोधतो. त्या बरणीवाल्या विधवेकडे आपण याच नजरेने पाहिले, तर तिच्या नाण्याची खरी किंमत तिला सांगणे आपल्याला अवघड जाणार नाही.