दूधपेढी आणि दूधभाऊ

दिवस पुरे होण्याआधीच जन्मलेलं, दीड किलोचंही न भरलेलं बाळ. चोखायची ताकद नाही, म्हणून तोंडातून किंवा नाकातून पोटापर्यंत बारीक नळी. परिचारिका सिरिंजने थोडं थोडं दूध सोडते. आईला अजून पुरेसा पान्हा फुटलेला नाही. हे दूध दुसऱ्याच कुणा बायकांचं आहे.

मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये दूधपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली मानली जाते. अशा पेढीत दूध देणाऱ्या मातेची एचआयव्ही, कावीळ वगैरेंसाठी रक्ततपासणी होते. दूध 62.5 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं तापवून पाश्चराइज करतात आणि उणे 20 अंशांना गोठवून ठेवतात. बऱ्याचदा दोन-चार मातांचं दूध एकत्रही केलं जातं. वरच्या दुधापेक्षा ते अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मानवतं आणि आतड्यांच्या जीवघेण्या आजाराचा धोका कमी होतो.

डॉक्टरांपुरता प्रश्न इथे मिटतो. इस्लामी धर्मशास्त्रात तो इथूनच सुरू होतो.

कुराणातल्या 'अन-निसा' या अध्यायात लग्नाला निषिद्ध नात्यांच्या यादीत दूध पाजणारी आई आणि दूधबहीणही आहे. म्हणजे एकाच बाईचं दूध प्यायलेल्या मुला-मुलीचं लग्न होऊ शकत नाही. शाफई आणि हनबली पंथ त्यासाठी पाच वेळा दूध पाजलेलं असण्याची अट घालतात. हनफी आणि मालिकी पंथांना एकदा पाजलेलंही पुरतं. मग चार अनोळखी मातांचं दूध एका बाटलीत आलं, तर त्या बाळाची भावंडं कोण?

इस्लामी धर्मपंडित यूसुफ अल-करदावी यांनी 1983 मध्ये दूधपेढीला मान्यता दिली. बाळ थेट स्तनातून पीत नाही आणि पाजणारी कोण हे ठाऊक नाही, तेव्हा नातं जडत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. दोनच वर्षांनी, 1985 मध्ये, आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने अशा पेढ्यांना मनाई केली. हनफी मताचा पगडा असलेल्या दक्षिण आशियात वाद आणखी तापला. ढाक्यातली पेढी 2019 मध्ये विरोधामुळे अडली. कराचीतल्या पेढीला 2024 मध्ये एका दारुल उलूमने आधी अटींसह दिलेली संमती मागे घेतली आणि तिचं काम थांबलं.

परक्या बाईचं दूध बाळाला पाजणं मात्र या धर्माला वर्ज्य नाही. खुद्द पैगंबरांना हलीमा या दाईने पाजलं होतं. तसं पाहिलं तर दुधाचं नातं मराठी मुलखालाही नवं नाही. सईबाईंना दूध पुरेना, तेव्हा कापूरहोळच्या धाराऊने बाळ संभाजीराजांना अंगावर पाजलं. तिची मुलं राजांचे दूधभाऊ ठरली.

हलीमा असो की धाराऊ, कुणी कुणाला पाजलं हे गावाला ठाऊक होतं. पेढीची बाटली हीच ओळख पुसते, आणि धर्माचा मुख्य आक्षेप त्यालाच आहे. जंतू मारणाऱ्या यंत्राकडे त्यावर उपाय नाही. नीट ठेवलेल्या नोंदवहीकडे आहे. कुवेतमधल्या एका नवजात विभागाने तोच मार्ग धरला: दूध देणारी आणि घेणारी, दोन्ही घरं एकमेकांना ओळखतात. त्यात दुधाची सरमिसळ करता येत नाही आणि प्रत्येक बाळासाठी दात्री शोधावी लागते. मोठ्या सरकारी रुग्णालयाला हा खटाटोप झेपेल का, हा प्रश्न आता मौलवींइतकाच रुग्णालयाच्या प्रशासनालाही सोडवावा लागेल.