नजर आणि होकार



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय ५:१७-३७) एक वचन असे आहे की ते वाचले जात असताना मंदिरात कुणी खोकतसुद्धा नाही. स्त्रीकडे जो वासनेच्या नजरेने पाहतो त्याने आपल्या हृदयात तिच्याशी व्यभिचार केलाच आहे, असे प्रभू येशू सांगतो. हे ऐकताना आपल्यापैकी बहुतेक विवाहित पुरुषांना वाटते की हा इशारा दुसऱ्यांसाठी आहे. रस्त्यावर उभे राहून टक लावून पाहणाऱ्यांसाठी, किंवा फार तर आपल्या तरुण मुलांसाठी. आपले लग्न झाले, आपण संध्याकाळी घरी येतो, आपला याच्याशी काय संबंध?

८ ऑक्टोबर १९८० रोजी, बुधवारच्या जाहीर भेटीत, संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी या समजाला धक्का दिला. पुरुष स्वतःच्या पत्नीशीदेखील हृदयात व्यभिचार करू शकतो, असे ते म्हणाले. पत्नीकडे तो व्यक्ती म्हणून न पाहता केवळ आपली गरज भागवण्याचे साधन म्हणून पाहत असेल, तर लग्नाच्या नोंदवहीतील सही त्या नजरेला पवित्र करीत नाही. जगभरच्या वृत्तपत्रांनी तेव्हा पोपमहोदयांची थट्टा केली. आता नवऱ्याने बायकोकडे पाहायचेसुद्धा नाही काय, असा सूर होता. थट्टा करणाऱ्यांनी पूर्ण प्रवचन वाचले असेल असे आम्हांला वाटत नाही.

कारण ते वाक्य सुटे नव्हते. ५ सप्टेंबर १९७९ पासून २८ नोव्हेंबर १९८४ पर्यंत पोपमहोदयांनी मानवी शरीर आणि प्रेम या विषयावर १२९ प्रवचने दिली. १३ मे १९८१ रोजी संत पेत्राच्या चौकात त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, त्यामुळे मध्ये काही महिने खंड पडला. बरे झाल्यावर त्यांनी विषय सोडला तेथूनच पुढे सुरू केला. हा अभ्यास त्यांनी पोपपदावर बसून अचानक आरंभला नव्हता. पोलंडमध्ये तरुण धर्मगुरू असताना ते विद्यार्थ्यांना आणि नवविवाहित जोडप्यांना घेऊन डोंगरात आणि नद्यांवर सहलीला जात, त्यांचे प्रश्न ऐकत. त्यातूनच १९६० साली त्यांचे ‘प्रेम आणि जबाबदारी’ हे पुस्तक आले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या आम्हां मंडळींना त्या पुस्तकात जर्मन तत्त्ववेत्ता कांट भेटतो. माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये, हा त्याचा नियम. पण पोलंडचा हा धर्मगुरू एक पाऊल पुढे गेला. माणसाला न वापरणे एवढेच पुरेसे नाही, माणसावर फक्त प्रेमच करता येते, असे त्याने म्हटले. प्रेमाच्या विरुद्ध काय, असे विचारले तर आपण द्वेष म्हणू. त्याच्या मते प्रेमाच्या विरुद्ध असते ते वापरणे.

आता हे पुस्तकातून आपल्या घरात आणू या.

लग्नानंतर ‘हक्क’ हा शब्द आपल्याकडे फार लवकर बोलला जातो. नवऱ्याचा हक्क आहे, नाही कसे म्हणायचे? थोरल्या बायकाही नव्या सुनेला हेच सांगतात, आणि कधी कधी पवित्र शास्त्राचा आधार देतात. करिंथकरांस पहिल्या पत्रात (७:३-५) संत पौल म्हणतो की पत्नीच्या शरीरावर तिची सत्ता नाही, पतीची आहे. हे वाक्य तोंडपाठ असलेले पुरुष आम्ही पाहिले आहेत. मात्र त्याच्या लगेच पुढचे वाक्य त्यांना सहसा आठवत नाही. पतीच्या शरीरावर त्याची सत्ता नाही, पत्नीची आहे! दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या करिंथ शहरात हे दुसरे वाक्य ऐकून पुरुष दचकले असतील. आणि लगेच पौल सांगतो की काही काळ दूर राहायचे तर दोघांच्या संमतीने. जेथे दोघेही एकमेकांना दिलेले आहेत, तेथे एकाने ओरबाडून घ्यायला जागा उरत नाही.

ख्रिस्तसभेने हे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. पोप पॉल सहावे यांचे १९६८ चे परिपत्रक आपल्याला माहीत आहे ते संततिनियमनामुळे. त्याच परिपत्रकाच्या १३व्या परिच्छेदात असे म्हटले आहे की जोडीदाराची अवस्था आणि रास्त इच्छा न पाहता लादलेला शरीरसंबंध हे खरे प्रेम नव्हे. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबाविषयीच्या आपल्या पत्रात ही शिकवण पुन्हा आठवून दिली. थकलेली, आजारी, बाळंतपणातून नुकती उठलेली, किंवा नवरा पिऊन आला म्हणून घाबरलेली पत्नी ‘आज नको’ म्हणते, तेव्हा ती विवाह संस्काराविरुद्ध पाप करीत नाही. पाप कोणाचे, हे वाचकांनी ठरवावे.

मग शरीर वाईट आहे काय? मुळीच नाही. शरीराला तुच्छ लेखणारे पंथ ख्रिस्तसभेने पहिल्या शतकांपासून नाकारले आहेत. आपला देव देह धारण करून आला. रोझरीच्या आरंभी आपण शरीराचे पुनरुत्थान कबूल करतो. आत्मा तेवढा तरंगत वर जाईल असे कबूल करत नाही. पवित्र शास्त्रात ‘गीतरत्न’ नावाचा प्रेमगीतांचा एक अख्खा ग्रंथ आहे, आणि त्यात स्त्री-पुरुषांच्या ओढीबद्दल कोठेही लाज नाही. त्यातील वधूला बंद बागेची उपमा दिली आहे. पोपमहोदयांनी त्यावर सुंदर भाष्य केले: ती स्वतःच्या गूढतेची स्वामिनी आहे. आपण वाडीत राहणारी माणसे, आपल्याला हे चटकन कळावे. वाडीला कुंपण असते, फाटक असते. मालकाने बोलावले तर पाहुणा आत येतो, सावलीत बसतो, शहाळे पितो. कुंपण तोडून शिरलेल्याला आपण पाहुणा म्हणत नाही. त्या ग्रंथात प्रियकर तिला ‘बहीण’ असेही म्हणतो, आधी बहीण आणि मग वधू. माझ्यासारखीच देवाची लेक, हे ओळखून मग जवळ येणे.

आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. आजच्या शुभवर्तमानात प्रभू बोलतो तो डोळ्याच्या मालकाशी. स्त्रीने काय नेसावे, कोठे उभे राहावे, हे तो येथे सांगत नाही. तुझा उजवा डोळा तुला पाप करायला लावत असेल तर त्याचे काय करायचे, एवढेच तो सांगतो. सणाच्या दिवशी मुलींच्या कपड्यांवर चर्चा करणाऱ्या आमच्या ज्येष्ठ मंडळींनी हे सावकाश वाचावे.

आजचे पहिले वाचन सिराखच्या ग्रंथातून आहे. देवाने माणसापुढे अग्नी आणि पाणी ठेवले आहे. हात कोणाकडे न्यायचा ते त्याने निवडावे. स्वातंत्र्य म्हणजे मनाला येईल ते करणे, असे तरुणांना वाटते. पण रात्री दोन वाजता हातातला मोबाइल खाली ठेवता न येणारा माणूस स्वतंत्र आहे काय? त्याला हवे ते तो पाहत नसतो, जे समोर येईल ते पाहत असतो. आणि अशा नजरेला सवय लागली की घरातली जिवंत पत्नीही पडद्यावरच्या चित्रासारखी दिसू लागते. जो स्वतःला ‘नाही’ म्हणू शकत नाही, त्याच्या ‘हो’ला तरी काय किंमत? स्वतःवर ताबा असेल तरच स्वतःला कुणाला देता येते. हृदयाचे स्वातंत्र्य ते हे, आणि ते एका दिवसात मिळत नाही. येत्या बुधवारी राख लावून आपण प्रायश्चित्तकाळात प्रवेश करू. मांस-मच्छी सोडणारे आपण पुष्कळ आहोत. या वर्षी डोळ्यांचाही उपवास करून पाहता येईल.

विवाहविधीत वचने देण्यापूर्वी धर्मगुरू वधूवरांना विचारतात, तुम्ही कुणाच्या दडपणाशिवाय, मनापासून येथे आला आहात काय. फोटोग्राफर त्या वेळी प्रकाशाची जुळवाजुळव करीत असतो, त्यामुळे प्रश्न हवेत विरतो. पण लग्न लागते ते या होकाराने. जबरदस्तीने किंवा धाकाने दिलेल्या होकाराने ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार विवाहच होत नाही. म्हणूनच लग्नाची नोंद करायला आल्यावर आम्ही मुलाशी आणि मुलीशी वेगवेगळे बोलतो, आणि आई-वडिलांना बाहेर बाकावर बसायला सांगतो. त्याचा कृपया राग मानू नये.

ज्या भगिनींना घरात मारहाण किंवा जबरदस्ती सहन करावी लागते, त्यांना ‘क्रूस आहे, उचल’ असे कुणी सांगितले असेल तर ती ख्रिस्तसभेची शिकवण नाही. जोडीदारामुळे शरीराला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याची मुभा धर्मसभेचा कायदाच देतो. याविषयी धर्मगुरूंशी बोलणे अवघड वाटत असेल तर कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांकडे जावे. दार मागच्या बाजूलाही आहे, आणि तेथे येण्यासाठी आधी आमच्या कार्यालयात नाव नोंदवावे लागत नाही.

आपले धर्मगुरू