गावाची मोजदाद

शाळामास्तराला आयुष्यात मुलांइतकीच माणसेही मोजावी लागतात. जनगणना, मतदारयादी, पटनोंदणी, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांचे सर्वेक्षण. खाते कोणतेही असो, कागद शेवटी आमच्याच हाती येतो. असे कागद मी बत्तीस वर्षे भरले. शौचालय नाही, नळ नाही, जमीन नाही, शिक्षण नाही, पक्के छप्पर नाही. उंबऱ्यात बसलेली बाई एकेका 'नाही'ला मान डोलवीत असते आणि शेवटी विचारते, "मग आता काय मिळंल म्हणायचं, गुरुजी?" हा प्रश्न लाचारीचा नव्हे. त्या कागदाने तिला तेवढेच विचारायला शिकवलेले असते. हीच बाई अडल्यानडल्या बाळंतपणाला गल्लीभर धावून जाते, शंभर माणसांच्या स्वयंपाकाचा अंदाज तांदूळ हातात न घेता सांगते. पण त्याला रकाना नाही.

गरजांची यादी खोटी असते असे मला म्हणायचे नाही. नळ नसेल तर 'नाही' असेच लिहायला हवे, आणि तो देणे सरकारचे कामच आहे. पण ही एकच यादी हाताशी असली की माणसाचे एकच चित्र उभे राहते. गाव म्हणजे उणिवांची बेरीज आणि बाहेरून येणारा तो दाता, हा समज आधी कचेरीत रुजतो आणि मग गावातही मुरतो. १९९३ साली अमेरिकेत जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट या दोघा अभ्यासकांनी तिथल्या मोडकळीस आलेल्या शहरी वस्त्यांबद्दल असाच विचार पुस्तकरूपाने मांडला. वस्तीच्या अडचणींचा नकाशा काढण्याआधी तिथल्या माणसांना काय काय येते, कोणती मंडळे चालतात, कोणत्या जागा हाताशी आहेत याचा नकाशा काढा, असे त्यांचे सांगणे. विचार चांगला आहे. मात्र आपल्याकडच्या जुन्या माणसाला तो ऐकून नवल वाटणार नाही, आणि माझी अडचण नेमकी तिथूनच सुरू होते. आपल्या गावांनी माणसांचे हात शतकानुशतके मोजलेले आहेत. ते कसे मोजले हे पाहिल्यावाचून या विचाराला 'वा वा' म्हणणे मला धोक्याचे वाटते.

आधी चांगली बाजू. पेरणी-भांगलणीच्या दिवसांत आमच्या भागात 'पैरा' हा शब्द कानावर येतो. आज चार घरची माणसे माझ्या रानात, उद्या माझ्या घरची त्यांच्या रानात. कुठे याला सावड म्हणतात, कुठे वारंगुळा, कानडीत मुय्यी. बांधाच्या दोन अंगांना दोन भाषा असल्या तरी हिशोब एकच. आणि हिशोब असतो बरे का! दिवसाला दिवस फेडायचा. बैलजोडी घेऊन आलेल्याचा दिवस नुसत्या माणसाच्या दिवसाहून जड. स्वतःला जाता आले नाही तर घरातले दुसरे कोणी धाडायचे, पण पैरा अंगावर ठेवायचा नाही. इर्जिक याहून थोडी निराळी. एखाद्याचे रान नांगरायचे राहिले की गावातल्या जोड्या एकाच दिवशी त्याच्या शेतात उतरतात आणि तो सर्वांना जेवू घालतो. विधवा बाईच्या शेताची नांगरट अशी होते आणि संध्याकाळी जेवणाच्या पंगतीला ती यजमानीण असते. हे धर्मदायही नव्हे आणि सौदाही नव्हे. घेणाऱ्याची मान खाली जात नाही, कारण देण्याची पाळी त्याच्यावरही येणार असते. नीतिशास्त्राच्या जाड पुस्तकांत परस्परतेवर पुष्कळ लिहिलेले आहे; आमच्याकडे ते एका शब्दात होते.

पण ज्याला रानच नाही तो या पैऱ्यात कुठे बसत होता? कुठेच नाही. त्याच्यासाठी गावाने दुसरी सोय केली होती, तिचे नाव बलुते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला त्यात या सोयीचे बारीकसारीक वर्णन आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार, मांग अशा कारूंनी वर्षभर गावाचे काम करायचे आणि सुगीला खळ्यावरून आपला वाटा न्यायचा. कागदावर पाहिले तर गावातल्या प्रत्येकाच्या कौशल्याचा इतका पुरता उपयोग करून घेणारी दुसरी व्यवस्था सापडणे कठीण. लोहाराचा भाता, कुंभाराचे चाक, सगळे जागच्या जागी. बाहेरून काही आणायला नको. स्वावलंबी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना हीच गोष्ट मोहात पाडते.

या चित्राची दुसरी बाजू ज्यांनी भोगली त्यांना विचारा. मेलेले ढोर ओढणे, सरकारी टपाल पायी पोहोचवणे, रात्री-अपरात्री कोणीही हाक मारली की हजर होणे, हे महाराचे 'कौशल्य' कोणी ठरवले? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच कारणाने. तुटपुंज्या मोबदल्याच्या दोरीने एक अख्खी जात गावाच्या दावणीला बांधली गेली होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी खेड्याच्या कौतुकाचा जो कडक समाचार घेतला, त्यामागे हा अनुभव होता. मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने गेली. आमचा जिल्हा १९५६ लाच म्हैसूर राज्यात गेलेला, त्यामुळे आमच्याकडे हे काम १९६१ च्या कायद्याने झाले. राज्य कोणते, भाषा कोणती, यावरून वेठीचा रंग बदलत नाही, एवढे यातून दिसते.

तेव्हा 'गावाने गावातल्या माणसांच्या गुणांवर उभे राहावे' हे वाक्य जसेच्या तसे पुरेसे नाही. त्याला एक प्रश्न जोडावा लागतो: ज्याचे कौशल्य आपण मोजतो आहोत, त्याला 'नाही' म्हणता येते का? पैऱ्यात येत होते. गडी म्हणू शके की या वर्षी मी तुमच्यात नाही, माझे मी बघतो. बलुत्यात ते येत नव्हते. हात दोन्हीकडे राबत होते, मोजदादही दोन्हीकडे होती. पण एका ठिकाणी माणूस आपले काम देत होता आणि दुसऱ्या ठिकाणी ते त्याच्याकडून घेतले जात होते. या एका फरकावर पैरा आणि बलुते एकमेकांपासून कोसभर दूर जातात.

गोव्याचे उदाहरण मला याहून अवघड वाटते, कारण तिथे चांगले आणि वाईट एकाच बांधात चिणलेले आहे. मांडवी-जुवारीच्या खाड्यांकाठी खाजन जमिनी आहेत, साऱ्या गोव्यात मिळून सुमारे १८,००० हेक्टर. समुद्राच्या भरतीपेक्षा खालच्या पातळीवरची ही शेते मातीच्या आणि जांभ्या दगडाच्या बांधांनी राखलेली. बांधात मानस म्हणजे लाकडी दारांचा दरवाजा. भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने दार मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. पावसात गोड्या पाण्यावर खाऱ्या मातीला सोसणारे कोरगूट भात, तोंडाशी मासळी. एखादा खेकडा बांधाला भोक पाडतो आणि वेळीच कोणी चिखल थापला नाही तर अख्खा वाडा खारवतो. हे सारे शेकडो वर्षे गावकाऱ्यांनी, म्हणजे पोर्तुगीज ज्यांना कोमुनिदाद म्हणत त्या गावसंस्थांनी, सांभाळले. एका माणसाचे ज्ञान यात पुरत नाही. सुताराला दाराचे लाकूड कळते, मासळीवाल्याला पाण्याचा ओढ, शेतकऱ्याला मातीची चव.

पण गावकार कोण? वंशपरंपरेने आलेले पुरुष. प्रत्यक्ष चिखलात उभा राहणारा कूळ आणि मुंडकार यांना त्या बैठकीत जागा नव्हती. पुढे १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला. न्याय झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. बांध राखायची जबाबदारी मात्र नव्या कूळसंघांकडे गेली आणि अनेक ठिकाणी ते संघ कागदावरच राहिले. मानशीच्या मासळीचा लिलाव भाताहून जास्त पैसा देऊ लागला तेव्हा खारे पाणी मुद्दाम आत घेणारेही निघाले. हक्क मिळाला, पण तो हक्क एकत्र वापरण्याची बैठक मोडली. 'जुनी गावकारी बरी होती' असे यावरून म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. बांध टिकत होता तो गावकारांच्या वंशावळीमुळे नव्हे. दर पावसाळ्याआधी कोणीतरी माणसे एकत्र बसून 'कोण काय करणार' हे ठरवीत होती म्हणून. ती बैठक वारसाहक्काशिवाय भरवता येते का, हा प्रश्न आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने, जिथे निर्णय सर्वसहमतीने घेतात आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, तो भरवता येते असे दाखवले. तिथे अभ्यासगट आधी बसला, हक्क मागून आला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

आमच्या बेळगावातही एक जुनी खूण आहे. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन इथे भरले, तेव्हा पाण्यासाठी टिळकवाडीत विहीर खणली. गंगाधरराव देशपांड्यांनी उभारलेल्या त्या तयारीत गावोगावची माणसे होती, आणि सफाईच्या कामाला स्वतःला वरच्या जातीचे समजणारे स्वयंसेवकही होते. बलुत्याची उलटी बाजू ती हीच: जे काम जन्माने एकाच्या माथी मारलेले, ते दुसऱ्याने आपखुशीने उचलले. दोन-चार दिवसांपुरते का होईना.

आणखी एक धोका आहे, तो हल्लीचा. 'गाव स्वतःचे बघेल' हे वाक्य गावाने म्हटले तर शोभते. सरकारने म्हटले तर ती पळवाट होते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठावर, सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे, पोहणारी पोरे, कायलींतून माणसे काढणारे शेतकरी, शाळांतून भाकऱ्या थापणाऱ्या बाया यांनी किती जीव वाचवले याला गणती नाही. त्याच पुरात ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला गावचीच बोट उलटली आणि बायाबापड्या, लेकरे बुडाली. गावाने हातपाय हलवले म्हणून ती माणसे बुडाली असे कोणी म्हणू नये. पुरेशा आणि धड बोटी वेळेवर पोहोचवणे हे त्या गावाचे काम नव्हते, एवढेच. लोकांच्या हिमतीची तारीफ करणाऱ्या भाषणात मी नेहमी पाहतो की बोटींबद्दल किती वाक्ये आहेत.

कोणी विचारील, ज्याला काहीच येत नाही त्याचे काय? अंथरुणाला खिळलेला म्हातारा, जन्मतः मतिमंद म्हणून ज्याला बाजूला बसवले ते पोर? कौशल्यांची यादी करायला बसलो की ही माणसे पुन्हा 'नाही'च्या रकान्यात जाणार. शंका रास्त आहे. याचे उत्तर 'प्रत्येकात काहीतरी गुण असतोच' असे गोड बोलून देता येणार नाही. माझे उत्तर कोरडे आहे: यादी ही काम वाटून घेण्यासाठी असते, माणसाची किंमत करण्यासाठी नसते. पंगतीला कोण बसणार याची यादी वेगळी, आणि ती घरटी असते. या दोन वह्या एकमेकांत मिसळल्या की गावाचा बाजार होतो.

आता आपल्या अंगणातले बोलू. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमानी अशा गावांनी साहित्य संमेलने भरवायची रीत पाडली आहे. कुठलेही मोठे अनुदान नसताना वर्गणीवर ग्रंथदिंडी निघते, मंडप पडतो, पाहुण्यांसह गाव जेवते. बाहेरच्याला याचे नवल वाटते. मला त्यातल्या नियोजनाच्या बैठका संमेलनाहूनही आवडतात, कारण गावाची खरी मोजदाद तिथे होते. आणि आपल्या भागातला नाजूक प्रश्नही तिथेच पुढे येतो: 'गावातली माणसे' म्हणताना आपण कोणाला धरतो? भाषेसाठी एकत्र येणे हा आपला हक्क आहे, त्यात मागेपुढे पाहण्याचे कारण नाही. पण विहीर, पूर, बांध आणि पैरा यांना मातृभाषा नसते.

दोन हिवाळ्यांपूर्वी अशाच एका बैठकीत कामांची यादी वाचून दाखवली गेली. दुसऱ्या दिवशी कानडी बोलणाऱ्या गल्लीतली एक बाई संयोजकाच्या दारात येऊन म्हणाली, "आमच्याकडं का नाही आलासा विचारायला?" संयोजक चपापले. घाईघाईने म्हणाले, "अक्का, चुकलं. भाकरीला तुमचं नाव घालतो." शंभर भाकऱ्या एका बैठकीत थापणारी म्हणून तिचा लौकिक होता. ती म्हणाली, "भाकरी रोजचीच हाय. ती नाही करणार मी. मला बसवण्णांची वचनं येतात, ती म्हणीन." मराठी संमेलनात कानडी वचने घ्यावीत की नाही यावर त्या रात्री अकरापर्यंत वाद झाला. दोघे जण उठूनही गेले. अखेर कविसंमेलनाआधीची पंधरा मिनिटे तिला दिली. भाकऱ्यांचे काम त्या दोघांपैकी एकाच्या घरी गेले.