शौकिनाचा न्याय

आम्ही बैलगाडा शर्यतींचे जुने शौकीन. बैलांचा छळ होतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्या बंद केल्या, तेव्हा ‘परंपरा बुडाली!’ असा आक्रोश आम्हीही केला. २०२१ च्या डिसेंबरात सशर्त अनुज्ञा मिळाली. परंतु पुणे जिल्ह्यातील लांडेवाडीची १ जानेवारी २०२२ ची शर्यत महामारीमुळे ऐन वेळी रद्द झाली. या वेळी मात्र आम्ही निमूट घरी बसलो. मग प्रश्न असा की, आमच्या प्राणांसाठी जी परंपरा खुशाल थांबते, ती बैलाच्या वेदनेसाठी थांबताच कशी बुडते? २०२३ साली न्यायालयाने शर्यतींचा कायदा वैध ठरविला खरा. परंतु कायद्याने दिलेली मोकळीक ही विवेकाची सुटका नव्हे. शर्यतीच्या घाटात उभे राहिलो की आमची दृष्टी आता घड्याळाआधी बैलाच्या पाठीकडे वळते.